जागा देणाऱ्याचे नाव

गुरुजी, दवाखान्याच्या दगडावरचं तुमचं नाव काल मी छिन्नीनं काढून टाकलं. कोणाला विचारलं नाही. शिपाई धावत आला, "काऊन खोडून राह्यले, मास्तर?" मी म्हटलं, चुकीचं लिहिलं होतं. आज मनगट सुजलंय, पण बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग काही शिळा झाला नाही.

तुम्ही शाळेचे हेडमास्तर, मी तुमच्या हाताखालचा मास्तर, जंगलातल्या गावातून आलेला. आणि ती गोरी बाई. तिला बाळंतिणींसाठी दवाखाना काढायचा होता. परक्या मुलखात संस्था काढायची तर नोंदणीला इथली माणसं लागतात, म्हणून ती तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भात खायची आणि मोडक्या हिंदीत म्हणायची, "गुरुजी, सब आप के भरोसे." पैसा तिच्या देशातली मंडळी देणार होती. त्यांची अट एकच: जागा गावानं आपणहून द्यावी, तीही लिहून.

माझ्या गावानं दिली. नाल्याच्या गावाकडच्या बाजूची, मोहाच्या झाडाजवळची, उंचावरची. सगळं गाव बसलं, बोललं, आणि कागदावर अंगठे उमटले. फक्त 'जागा देणाऱ्याचे नाव' या ओळीपाशी सगळे अडले. गावचा पुजारी हसला, "जागा का कोण्या एकट्याची हाये? गावाची हाये, देवाची हाये. एकाचं नाव टाकलं त बाकीच्यायनं काय करावं?" कोणीच नाव टाकू दिलं नाही. आमच्यात तसं कोणी टाकतच नाही. ती ओळ कोरी ठेवून मी कागद तुमच्याकडे आणला.

तुम्ही ती कोरी ओळ पाहिलीत आणि कागद घडी करून खिशात घातलात. बाई तेव्हा वर्गणीसाठी मायदेशी गेली होती. तुम्ही तिकडे कळवलंत की जंगलातले लोक जागा द्यायला तयार नाहीत, कागदावर नाव टाकायलाही कोणी पुढं येत नाही, मात्र तालुक्याच्या गावी सोय होईल. सोय झाली. बरोबर तुमच्या घरासमोर! बाई परतली तोवर भिंती उभ्या होत्या. बिचारी तुमचे आभार मानत राहिली आणि तुम्ही खुशाल मानून घेत राहिलात. लाज नाही वाटली?

पुढच्याच पावसाळ्यात माझी बहीण अडली. गावानं दिलेली जागा तिच्या दारातून दिसायची. तिथं गवत वाढलेलं. आम्ही तिला बैलगाडीत घालून तुमच्या दवाखान्याकडे निघालो. नाला भरून वाहत होता. पाणी ओसरायची वाट पाहत दुपार गेली, आणि गावाकडच्याच काठावर ती गेली. लेकरूही गेलं.

तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा "मले काही बोलाचं नाई" एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तर गहिवरले. मी दात आवळून बसलो होतो.

हे पत्र कुठं टाकणार? आणि पोचलंच, तर तुम्ही मला दवाखान्याच्या समितीच्या त्या बैठकीची आठवण करून द्याल. बाईच्या देशी ते पत्र धाडण्याआधी तुम्ही ते समितीपुढं वाचून दाखवलं होतं. मग माझ्याकडे वळून विचारलं होतं, "तुयं गाव हाये बाबा. तुले काही म्हणाचं हाये काय?" माझी नोकरी कायम व्हायची होती, शेरा तुम्ही लिहिणार होता. मी म्हटलं, "नाई गुरुजी, बराबर हाये."

गाडीत बहीण कण्हत तुम्हाला शिव्या देत होती. मास्तराच्या तोंडात माती पडो, म्हणत होती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी तिला म्हणत होतो, "हो बाई, पडो."