अप्पारावांचं उलथनं

६ जुलै, रविवार

धिरड्यात काळे कण निघाले. तिळाएवढे. मी विचारलं, "तीळ घातलेत का?" अप्पाराव ताटाकडं न बघताच म्हणाले, "असतील." असतील कसे? ज्वारीच्या धिरड्यात आमच्याकडं कधी तीळ पडलेत? पॅन उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मधोमध पोपडे निघालेले, खालचं अल्युमिनियम चकाकतंय. म्हणजे इतके दिवस आम्ही नॉनस्टिकचं कोटिंग खातोय, लोणच्यासकट.

मी म्हटलं, हा आज बाहेर. हे म्हणाले, "राहू दे गं. हलका आहे. हाताला बसलाय."

रागात असले की मी ह्यांना पूर्ण नावानं लिहिते. तर अप्पाराव सहा वर्षांपूर्वी रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले आणि पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरात शिरले. तेव्हापासून मी सकाळी नऊला कॉलेजच्या ऑफिसात जाते, संध्याकाळी आयतं गिळते. सुख आहे, खोटं कशाला लिहू. पण या एकतीसला मीही रिटायर होतेय, आणि महिनाभर ह्यांचं एकच पालुपद — "तू घरी आलीस की स्वयंपाकघर घेणार. झेंडा तर गेलाच माझा, उलथनं तेवढं राहू दे, भामा." हसत म्हणतात. पण रोज म्हणतात.

७ जुलै, सोमवार

लेकीला फोन केला. प्रियदर्शिनी म्हणजे आमचं चालतंबोलतं इंटरनेट. म्हणाली, "आई, सिंपल आहे. नॉनस्टिक हलका, तेल कमी लागतं, धुवायला सोपा. पण दोन-तीन वर्षांत कोटिंग जातं. कार्बन स्टील म्हणजे जवळपास लोखंडच. आधी खूप चिकटतं, त्याला तेल पाजून पाजून काळं करावं लागतं. एकदा झालं की लाइफटाइम. पण साबणात घासायचं नाही, आंबट शिजवायचं नाही. अन् वेट बघ हं, जड असतं."

जड असू दे. आमच्याकडं दणकट गार्डसाहेब आहेत.

हे मागून ओरडत होते, "तिला सांग, मला नॉनस्टिकच पाहिजे! नवा, पण नॉनस्टिक!" सांगितलं नाही.

९ जुलै, बुधवार

ऑफिस सुटल्यावर परस्पर बेगमबाजारला गेले. दुकानदारानं कार्बन स्टीलचा पॅन काढला. राखाडी, कुरूप, दांडा हातभर लांब. एका हातानं उचलला तर खांदा खाली गेला. तो म्हणाला, "अम्मा, इसकू साबुन नक्को, इमली तो बिल्कुल नक्को. नखरेवाला है, पन एक बार बैठ गया तो चालीस साल हिलता नईं."

मी म्हटलं, "ऐसा एक घर में हैच मेरे."

तो हसला. मी घेतला. आणि आमच्या घरात भांडं आलं की नाव घातल्याशिवाय फळीवर जात नाही, म्हणून बाजूच्या नाव घालणाऱ्याकडं नेला. त्यानं टकटक करत दांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं — सौ. भामा अप्पाराव. लग्नातल्या तांब्यावर आहे तसंच.

घरी ह्यांनी पॅन ओट्यावरूनच वाचला. हातात घेतला नाही. "तुझं नाव आहे, उचलायचाही तूच," म्हणाले. आणि उठून चहा टाकायला गेले. कप अर्धाच भरला. हल्ली अर्धाच भरतात. डायबेटिस माझा, कंजुषी ह्यांची.

१० जुलै, गुरुवार

फजिती. नव्या पॅनला गंज चढू नये म्हणून कारखान्यातून मेणासारखा थर देतात. तो गरम पाण्यानं घासून आधी काढायचा असतो. मी वाचलंच नाही. सरळ वर तेल ओतून गॅस मोठा केला. असा धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या तारामतीबाई जिन्यातून हाका मारत आल्या, "भामाक्का, काय जळायलंय? सिलिंडर बंद करा की!"

अप्पाराव गॅलरीत उभे राहून टॉवेल हलवत होते, दोन्ही बाजूंना, अगदी गाडी सोडल्यासारखे. तारामतीबाईंना म्हणाले, "काही नाही, आमचा नवा जावई आलाय, त्याला तेल लावणं चाललंय."

त्याही हसल्या. मी एकटीच खोकत होते.

११ जुलै, शुक्रवार

पहिलं अंडं. निम्मं पोटात, निम्मं पॅनला.

१३ जुलै, रविवार

श्रावणाच्या आत अंडं सुटलं पाहिजे, नाहीतर महिनाभर परीक्षाच घेता येणार नाही. त्यामुळं रोज धुवायचा, पुसायचा, गॅसवर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, पुन्हा तापवायचा. मधे मधे तपकिरी होतोय. मला त्याचा लळा लागलाय, ह्यांना सांगणार नाही.

हे त्यावर काहीही करायला तयार नाहीत. आज जबरदस्तीनं धिरडी घालायला लावली. तर पॅन तिरका करून ताटात धिरडं सोडायचं सोडून ताटच पॅनजवळ नेतात, उलथन्यानं ढकलतात. तेही डाव्या हातानं. मी म्हटलं, "ही कुठली नवी फॅशन?" म्हणाले, "अगं, सीनियर माणसानं खाली वाकायचं नसतं."

आळशी झालेत. दाढीसुद्धा घरी करत नाहीत, न्हाव्याकडं जातात. आणि भाजी आणायला जातात ते बघावं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, बरोबर चार वाजता, गाडीच्या टाइमटेबलसारखं. सहाला परत. दोन तास हिंडून पिशवीत काय, तर कोथिंबिरीची एक जुडी. बरकतपुऱ्याच्या चौकात गप्पा मारत बसत असणार. बसू देत. पण मग मला सल्ले देऊ नयेत.

१६ जुलै, बुधवार

आज मी खरंच रडले. एका पॅनसाठी. एकसष्टाव्या वर्षी.

ऑफिसातून आले तर अंबाडीच्या भाजीचा वास. मनात आलं, वा. ताटात भाजी बघितली तर शाईसारखी काळी. "कशात केलीत?" ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "कशात केलीत?" मग हळूच म्हणाले, "तुझ्याच पॅनमध्ये केली. म्हटलं तू खूश होशील."

अंबाडी! जगातली सगळ्यात आंबट भाजी! आणि एवढ्यावर थांबले नाहीत. भाजी बुडाला लागली, तर पॅन दुपारपासून चिंचेच्या पाण्यात भिजत टाकलेला, देवाच्या तांब्याच्या भांड्यांसारखा. सहा दिवस पाजलेलं तेल सगळं निघालं. खाली तो पहिल्या दिवशीचा राखाडी पत्रा, कडेनं गंजाची लाल रेघ.

मी म्हटलं, घासायचा तरी होता, भिजत कशाला घातला? रेल्वेचे दिवे घासून आरसा करणारा माणूस तुम्ही. तर म्हणाले, "कंटाळा आला." एवढंच म्हणाले. माफी नाही, चेष्टा नाही.

मग मी नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. एक तारखेपासून तुमचं उलथनं बंद.

१७ जुलै, गुरुवार

बोलणं नाही. फक्त "मीठ द्या" आणि "घ्या".

२० जुलै, रविवार

पुन्हा पहिल्यापासून. घासला, तापवला, तेल. पाच वेळा. खिडक्या उघड्या ठेवून, आता मीही शहाणी झालेय. बोनालूच्या जत्रेचे ढोल लांबून ऐकू येत होते, मी त्या ठेक्यावर फडकं फिरवत होते.

हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "पैज लाव. अमावास्येपर्यंत अंडं सुटलं तर जुना नॉनस्टिक मी स्वतः भंगारात देतो आणि स्वयंपाकघर तुझं. नाही सुटलं तर नवा नॉनस्टिक आणायचा आणि स्वयंपाकघर माझं."

हात पुढं केला टाळीसाठी. डावा. मी घाईत होते, तशीच टाळी दिली.

२४ जुलै, गुरुवार

सुटलं! दिव्याची अवस, सकाळचे साडेसात. उद्यापासून श्रावण, म्हणजे ही शेवटचीच संधी. पॅन तापू दिला, पाण्याचा थेंब टाकून बघितला, तो मोत्यासारखा पळाला. तेल. अंडं. वाट बघितली, उगाच ढवळाढवळ केली नाही. मग दांडा धरून हलवलं आणि अंडं बर्फावरून घसरावं तसं या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं. तारामतीबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी वर-खाली करायला लावलं व्हय?" त्यांना काय कळणार.

अप्पाराव बघत होते. मी तयारीत होते. आता म्हणतील अंडं ताजं होतं, तेल जास्त होतं, गॅस कमी होता. काहीच नाही. म्हणाले, "जिंकलीस. घे." आणि उलथनं माझ्यापुढं धरलं.

संध्याकाळी जुना पॅन कागदात गुंडाळून खरंच भंगारवाल्याला देऊन आले.

जिंकून माणसाला एवढं फिकं वाटतं का? बहुतेक रिटायरमेंटचं असेल.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज तवा चढत नाही, विळी चालत नाही, तळण नाही. सगळं उकडलेलं. मी रजा टाकली. ह्यांनी पुरणाची दिंडं केली, हळदीच्या पानांच्या वासानं जिना भरला. आज ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. शिट्टी काय, जुन्या गाड्यांचे किस्से काय. म्हणाले, "रोज नागपंचमी पाहिजे बघ."

मी म्हटलं, का हो, पॅनला एवढे घाबरता?

हसले. आणि आणखी एक दिंड माझ्या ताटात वाढलं.

३१ जुलै, गुरुवार

निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात मी आभार मानले ते सगळ्यांचे, आणि शेवटी सहा वर्षं मला गरम डबा देणाऱ्या माणसाचे. मागच्या रांगेत हे डोळे पुसत होते. मला इथंही लिहिताना लाज वाटतेय, पण मला फार बरं वाटलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

स्वयंपाकघरातला माझा पहिला दिवस. आठ धिरडी घातली. एकही चिकटलं नाही. काळाभोर, गुळगुळीत, चालीस साल हिलता नईं! हे गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. पान उलटत नव्हते. एरवी मी मीठ शोधलं तरी चार सूचना येतात, आज एक नाही.

चार वाजता पिशवी घेऊन भाजीला गेले. मला मेथ्या सापडेनात. सहा वर्षांत या घरात काय कुठं आहे तेच मी विसरलेय. शेवटी वरच्या खणातला डबा काढला. मेथ्यांत खाली एक घडी घातलेलं कार्ड. चौकातल्या फिजिओथेरपीवाल्याचं. नाव अप्पाराव. उजवं मनगट. जिन्यात पडल्यानं. जून महिन्यापासूनच्या तारखा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार वाजता. खाली लाल शाईत — वजन उचलायचं नाही, घासणं-पिळणं बंद.

तिथंच स्टुलावर बसले. अर्धा कप. न्हावी. डावी टाळी. भिजत टाकलेला पॅन. हे जूनमध्ये पडले आणि मला सांगितलं नाही, कारण हात दुखतोय म्हटलं असतं तर मी उलथनं काढून घेतलं असतं. आणि न सांगूनही मी काढूनच घेतलं. दोन किलोचं लोखंड आणून वर स्वतःचं नाव घालून. मुद्दाम केलंत म्हणाले मी त्यांना.

सहाला आले. कोथिंबिरीची जुडी. मी ती निवडायला घेतली. कार्ड मेथ्यांत परत ठेवलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी काचीगुड्याला जाऊन नवा नॉनस्टिक आणला. लहान, हलका. ह्याच्यावर नाव घालता येत नाही, म्हणून दांड्यावर नेलपॉलिशनं लिहिलं — अप्पाराव. मग गॅलरीकडं बघून हाक मारली, "अहो, या जरा. माझी धिरडी सगळी चिकटतायत."