माझ्या नावावर

केबिन रोड, भाईंदर पूर्व
गुरुवार, दुपार

प्रिय फ्रँक,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी ट्रेसीला विचारशील, हे कुणाचं म्हणून. माझंच आहे रे. चौथीनंतर वाण्याच्या यादीपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे ओळी चढावर जातायत, तेवढं सांभाळून घे. तुझा बंगळूरचा पत्ता तुझ्या आईकडून, ॲलिसकडूनच घेतला. कशाला हवा, म्हणून तिने दोनदा विचारलं, तर मी म्हटलं ट्रेसीला बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू पाठवायचेत. आता खोटं बोलले म्हटल्यावर लाडू पाठवावेच लागणार. पाठवीन. पण ते ट्रेसीचे. त्यातला एकही तू तोंडात टाकायचा नाहीस, हे मी तुला सांगायला नको.

आधी आनंदाचं सांगते. आमची क्षितिजा शाळेच्या सहलीला जाऊन आली, वसईच्या किल्ल्यावर, आईशिवाय. मागच्या वर्षी सगळ्या पोरी गेल्या आणि ही घरी बसून माझ्याबरोबर वाटाणे सोलत होती. सोलता सोलता एकदाही रडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. या वर्षी निळे बूट घालून गेली आणि माझ्यासाठी किल्ल्यातला एक दगड घेऊन आली, आता तो देव्हाऱ्यात आहे, कारण दुसरीकडे ठेवलेला तिला चालत नाही. दिवसभर मी खिडकीत बसून होते, फोन मांडीवर. भात करपला, दूध उतू गेलं, शेजारची चहाला बोलवून गेली तरी उठले नाही. बस निघाली तसा आकडा उतरायला लागला, फोनने हाक मारली, मी टीचरना फोन लावला, टीचरनी रस पाजला आणि आकडा हळूहळू वर आला. मग मी देवाला हात जोडले आणि करपलेला भात खाल्ला. इतका गोड भात मी जन्मात खाल्ला नाही.

कसला आकडा, ते तुला सांगायची गरज नाही. पाचव्या वर्षी क्षितिजाला साखर निघाली, तुझी होती तशीच, सुईवाली. ॲलिसने तुला सांगितलं असेल. डॉक्टर समजावून सांगत होते आणि सुरुची, म्हणजे माझी सून, कागदावर लिहून घेत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तू येत होतास. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जिन्याजवळच्या खोलीत बसलेला. शाळा सुटली की तू माझ्याकडे, आणि टोपली रिकामी झाली की ॲलिस तुला न्यायला यायची, हाताला बर्फाचा गारवा आणि कमरेला पैशांची पिशवी. त्या वेळी कुठलं मशीन आणि कुठलं काय. तुझ्या वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसले की मी डब्यातली साखर तुझ्या तोंडात घालायची. तू लबाड, बरं आहे मावशी, म्हणायचास आणि हात लटपटत असायचे. मी भाकऱ्या थापायचे, पण एक डोळा तुझ्या ओठावर. तू मोठा झालास, शिकलास, बंगळूरला गेलास, तरी कितीतरी दिवस माझी ती सवय गेली नाही. कुणाही पोराला बघितलं की आधी ओठ बघायचे.

आता क्षितिजाच्या दंडावर मोठ्या बटणाएवढं एक मशीन चिकटवलेलं असतं. ते तिच्या दप्तरातल्या छोट्या फोनला साखर कळवतं. पण त्या मशीनवाल्यांचं स्वतःचं ॲप माझ्या फोनमध्ये चालेना, त्याला भारी फोन लागतो. आणि त्याची घंटी एवढी नाजूक की कुकरची शिट्टी झाली की संपलं. सुरुची नोकरीला, जितेंद्र नोकरीला, दुपारी पोरीजवळ मीच. मग अशा मुलांच्या आईबापांचा एक ग्रुप आहे, त्यात सुरुचीला दुसरं एक ॲप मिळालं. कुणीतरी फुकट करून दिलेलं. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, सगळे त्याला दादा म्हणतात. फोनमधल्या दुकानात ते मिळत नाही, कारण दुकानात ठेवायला म्हणे नाव, गाव, डॉक्टरी कागद, सगळं लागतं. ते व्हॉट्सॲपवर येतं आणि घालताना फोन लाल अक्षरात घाबरवतो, धोका आहे, नक्की घालू का. सुरुचीने घाल म्हणून सांगितलं, पण तिचं बोट काही क्षण वरच राहिलं होतं, ते मी बघितलं.

आणि मग एका रविवारी सकाळी क्षितिजा गॅलरीत खेळत होती आणि माझा फोन ओरडला, "गो बाय, पोरीची साखर उतरली हाय, बघ लवकर."

फ्रँक, ती हाक मी हजार बायकांत ओळखीन. तीस वर्षं ती जिन्यातून ऐकलीय, बोंबील घे म्हणून, सुरमई ताजी हाय म्हणून. जितेंद्र गालाला साबण तसाच घेऊन बाथरूममधून बाहेर आला आणि विचारायला लागला, ॲलिसमावशी एवढ्या सकाळी कशी आली. आधी पोरीला साखर दिली, मग त्याला फोन दाखवला. पुढच्या वेळी ॲलिस आली तेव्हा मी सहज विषय काढला. ती म्हणाली, मागे घरी आला व्हता तवा फ्रँक म्हणला, आये, या फोनात जोरात वरड. वरडले. कशाला ते त्यानं सांगितलं न्हाय आणि मी विचारलं न्हाय. तिला अजून माहीत नाही की नाशकापासून कोल्हापूरपर्यंत किती घरांत ती ओरडते.

आम्ही ग्रुपमध्ये कुणाला बोललो नाही. तू नाव झाकलंस म्हणजे काही कारण असणार. पण मला इतका आनंद झाला की दोन दिवस मी एकटीच हसत होते. मी तुझा ओठ बघायचे, आता तू माझ्या नातीचा बघतोस.

पण फ्रँक, आता मला हसू येत नाही. माझा फोन म्हातारा झालाय, पाठ पुरीसारखी फुगलीय. जितेंद्र म्हणाला, हा कधीतरी फुटेल, आणि माझ्या वाढदिवसाला नवा घेऊन आला. सुंदर आहे, काचेसारखा. त्यात माझे सगळे फोटो आले, भजनं आली, तुझं ॲप मात्र आलं नाही. फोन म्हणतो, हे बनवणाऱ्याची ओळख पटलेली नाही. पूर्वी तो निदान विचारायचा, घालू का म्हणून, आता विचारतच नाही. नवा नियम आलाय म्हणे, ज्याने ॲप केलं त्याने फोनवाल्यांकडे आपलं खरं नाव, पत्ता द्यायचा, मग ते दुकानातलं असो की बाहेरचं. आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर दादाचा मेसेज आला, की महिनाअखेर मी हे बंद करतोय, नाव दिलं आणि त्यांचा आकडा न विचारता घेतो म्हणून मशीनवाल्यांची नोटीस घरी आली तर मला झेपणार नाही, माफ करा. सुरुचीने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि चिरलेली भेंडीच पुन्हा चिरायला लागली.

तेव्हापासून घरात रोज हाच विषय. जितेंद्र म्हणतो, नियम बरोबर आहे. त्याच्या ऑफिसातल्या एकाने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली, ती पत्रिका नव्हतीच, बँकेतलं सगळं गेलं, बिचाऱ्याच्या मुलीची फी भरायची होती. दार उघडं टाकलं की कोणीही शिरणार, म्हणतो. सुरुची म्हणते, दार बंद करायला माझी ना नाही, पण ज्याचं स्वतःचं दुकान आहे त्यालाच वॉचमन केलं तर तो चोर अडवेल की दुसरा दुकानदार अडवेल, आणि विक्रीतला हिस्सा घेईल तो वेगळाच. जितेंद्र म्हणतो, मग काय चोरांना सोडायचं का. सुरुची म्हणते, आणि माझ्या पोरीचं काय. आणि दोघांच्या मधे बसलेली क्षितिजा ताटातला एकेक शेंगदाणा मोजल्यासारखा खाते. तिला सगळं कळतं रे. परवा मला विचारलं, आजी, हा फुगलेला फोन फुटला तर मी सहलीला जायचं नाही ना. मी म्हटलं, असं काही नाही. पण मी तो फोन आता उशीसारखा जपते, उन्हात नेत नाही, चार्जिंगला लावला की शेजारी बसून राहते. सारखा हात लावून बघते, गरम तर नाही ना. सुरुची म्हणते, आई, त्याला ताप येत नाही.

मला दोघांचंही पटतं, हीच माझी पंचाईत. कारण हे सगळं मी एकदा बघितलंय. ॲलिसने तुला सांगितलं नसणार, ती असलं सांगत नाही. आम्ही या नव्या बिल्डिंगमध्ये आलो त्या वर्षी गॅसची शेगडी दुरुस्त करतो म्हणून एकजण वर आला आणि तिसऱ्या माळ्यावरच्या बाईंचं मंगळसूत्र गेलं. खरंच गेलं. कमिटीने गेटवर पाटी लावली, फेरीवाल्यांना बंदी. चूक नव्हती. पण कमिटीतल्या दोघातिघांना लिफ्टमधला मासळीचा वास नको होता, तेही चोरीचंच कारण सांगायचे. भाजी हवी तर खाली सोसायटीचं दुकान आहे म्हणायचे, आणि ते दुकान होतं सेक्रेटरीच्या भावाचं. ॲलिस समुद्रकाठच्या पालीहून बस बदलून, डोक्यावर टोपली घेऊन आली आणि वॉचमनने अडवली. कार्ड दाखव म्हणाला. तिच्याकडे कसलं कार्ड. ती भांडली नाही, हे मला वरून दिसलं. आपली ॲलिस, आणि भांडली नाही. टोपली खाली ठेवून पदराने मान पुसत होती.

मी तशीच गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले. वॉचमन म्हणाला, आंटी, कमिटी का ऑर्डर है. मी म्हटलं, "मेरे नाम पे छोड़ो. कुछ हुआ तो मेरे दरवाजे पे आना."

एवढंच. त्याने माझं नाव आणि फ्लॅट नंबर लिहून घेतला आणि तिला सोडलं. आजही ती माझ्याच नावावर आत येते. कमिटीने कितीदा कुरकुर केली, पण एकदाही कोणी माझ्या दारात आलं नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर लिहिलं असतं तर जितेंद्रने वाचलं असतं, आणि ग्रुपवर तर तुझं नाव फुटलं असतं. तुझी भीती मला कळते. ट्रेसीला दिवस गेलेत, घराचे हप्ते आहेत, अशात दारात नोटीस नको. तू भित्रा आहेस असं मला एकदाही वाटलं नाही. पण फोनवाल्यांना एक नाव हवंय ना, आणि पत्ता. तर माझं लिही. गिरिजा हरिश्चंद्र तांडेल. सोबत आधारची झेरॉक्स घातलीय, त्यावर सही केलीय, फोटोत मी रागावल्यासारखी दिसते पण तो कॅमेरावाला घाई करत होता. घरातली सगळी सिमकार्डं माझ्या नावावर आहेत, गॅस माझ्या नावावर आहे, फ्लॅटसुद्धा, कारण बाईच्या नावावर केला की सरकारी खर्च जरा कमी येतो. आजवर मी दुसऱ्यांनी दाखवलं तिथे सही केली, ही पहिली सही मी आपणहून केली. सुरुचीला सांगितलं तर म्हणेल, आई, असं चालत नसतं. नसेलही चालत, तुला जास्त कळतं. पण मी खोटं कुठे बोलतेय. ॲलिससाठी गेटवर नाव दिलं तेव्हा मासे काही मी पकडले नव्हते. मी एवढंच म्हटलं होतं की ही बाई माझी आहे, काही झालं तर मला विचारा. आणि हे पत्र वाचून तुलाच वाटलं, की आपलंच नाव लिहावं, तर माझं खोडून टाक, मला राग येणार नाही. फक्त महिनाअखेरच्या आत काहीतरी लिही. आणि माझं लिहिलंस, तर नोटीस घेऊन येणाऱ्याला एवढं सांगून ठेव, की आमची बेल बिघडलीय, दार जोरात वाजव. मी घरीच असते.

तुझीच,
गिरिजामावशी