गाडीखालची शेगडी

२ जानेवारी, शुक्रवार

बाळाची गोधडी गाडीच्या बॉनेटवर! सहा महिने टाके घातले मी तिला रत्नागिरीत बसून. डोळे गेले माझे. आणि हम्मादने उचलली आणि टाकली इंजिनावर! वर सांगतो, “अम्मी, उणे चार झालंय. डिझेल जमतं थंडीत.”

जमतं म्हणे. डिझेल काय दही आहे? सातवी शिकलेय मी, येडी नाही.

गोधडी ओढून आणली परत. त्याने पुन्हा नेऊन टाकली. तोंड फुगवून बसलो दोघं. सून माझी, इफरा, आपली हसते. नववा लागलाय तिला, वाकता येत नाही, पण हसता येतं.

४ जानेवारी, रविवार

या गावाबाहेरच्या क्वार्टरात काही म्हणजे काही कळत नाही मला. सौदीतच, पण यान्बूला होते तेव्हा बरं होतं, समुद्र होता, घाम येत होता. आता ह्याची बदली तुरैफला, आणि तीसुद्धा तुरैफच्या बाहेर साठ किलोमीटर. चहूकडे माती. वारा असा की कान गळून पडतील.

दवाखाना तुरैफात. अँब्युलन्स आहे, पण ती तिथून येणार आणि परत तिथेच जाणार, दुप्पट वेळ. म्हणून ठरलंय असं — हम्माद साडेपाचच्या बसने प्लांटवर जातो. कंपनीची डिझेल गाडी शेडमध्ये राहते. कळा आल्या की फोन. प्लांटची बस त्याला वीस मिनिटांत आणून सोडते. गाडी तेवढी चालू झाली पाहिजे. झालं.

इफरा म्हणते, “गरज पडली तर मी चालवेन ना अम्मी. लायसन आहे माझ्याकडे.” ते पोट स्टेअरिंगमागे मावणार आहे का, बाय?

५ जानेवारी, सोमवार

बॅटरी घरात झोपते! खोटं नाही. संध्याकाळी काढतो, हीटरजवळ ठेवतो, पहाटे जाऊन परत लावतो. गाडीच्या जाळीपुढे पुठ्ठा. टाकीत कसलीशी बाटली ओततो. इफराने रोज आठ वाजता उठून गाडी चालू करून बघायची, असा हुकूम.

मी म्हटलं, “आता हिला खिमटी पण भरव.”

“भरवली असती अम्मी, तोंड कुठेय सांग.”

बापावर गेलाय.

६ जानेवारी, मंगळवार

गाडी चालू झाली नाही. इफराने पाचदा फिरवली किल्ली. नुसती खोकली आणि गप. इफरा स्टेअरिंगला धरून बसून राहिली. हसली नाही आज.

दहा वाजता ऊन आलं तेव्हा लागली चालू. पण कळा काय ऊन बघून येतात?

७ जानेवारी, बुधवार

डोक्याला लावायला खोबरेल घेतलं तर बाटलीत दगड! गावाला पण थंडीत थिजतं, पण इतकं? उलटी केली, थेंब नाही. मग हीटरजवळ ठेवली तर पाच मिनिटांत पाणी.

आणि तिथेच बसले मी. म्हणजे डिझेलचं पण हेच होतं तर! हा गोधडी काय टाकतो? थिजलेल्या खोबरेलावर चादर घातली तर सुटेल का? त्याला ऊब द्यायला पाहिजे. खालून.

हम्मादला नाही सांगितलं. तो आणखी दहा गोष्टी काढेल.

८ जानेवारी, गुरुवार

मटण भाजायची लोखंडी शेगडी. पहाटेची फजर पढून झाली की बाहेर कोळसे पेटवले. चांगले लाल होऊ दिले, धुराचा पत्ता नाही — तेवढी अक्कल आहे. मग शेडमध्ये नेऊन इंजिनाखाली सरकवली, दार लावलं, बाजूला डब्यावर बसून तसबी ओढली. एक तास. मग शेगडी बाहेर, राख मातीत, काही झालंच नाही असं.

आठ वाजता इफरा आली. एका सेल्फात चालू!

खलास.

११ जानेवारी, रविवार

रोज एका सेल्फात. हम्माद फोनवर, “बघितलंस अम्मी? पुठ्ठ्याची कमाल!” हो बाबा, पुठ्ठ्याची.

डोकं फार दुखतं. इथलं पाणीच जड आहे. इफरा म्हणते चेहरा लाल दिसतो. थंडीने होणारच.

१३ जानेवारी, मंगळवार

चहात मीठ घातलं. इफराला बहिणीच्या नावाने हाक मारली, दोनदा. ती बघत राहिली माझ्याकडे. तसबीचे किती मणी झाले तेही आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून. दुपारी ओकारी आली. मग झोपले तर बरं वाटलं. सकाळी वाईट, दुपारी बरी — हे कसलं दुखणं? वय झालं असेल. कुणाला सांगत नाही, नाहीतर गाडी राहील बाजूला आणि मलाच गुंडाळतील गोधडीत.

दोन आठवडे फक्त. बाळ येऊ दे. मग पडते आजारी.

१४ जानेवारी, बुधवार

उणे सहा सांगितलंय उद्या. शेडच्या दाराखालून वारा येतो, ऊब ठरत नाही. जुनी चादर कोंबून ठेवलीय फटीत. आता ठीक.

१९ जानेवारी, सोमवार

तुरैफच्या दवाखान्यात आहे. पडले होते म्हणे त्या डब्यापाशी. आठवत नाही.

डॉक्टर म्हणतो, धूर नसला तरी बंद जागेत निखारे जीव घेतात. आमच्या रत्नागिरीच्या घरात कौलातून वारा फिरतो. मला काय माहीत?

इफरा आठच्या आधीच आली होती शेडमध्ये. बॉनेटवरची गोधडी खाली टाकली, मला तिच्यावर घेऊन बाहेर ओढलं. हम्मादची वाट नाही बघितली. मला मागच्या सीटवर घातलं. गाडी एका सेल्फात चालू. साठ किलोमीटर ती पोटुशी बाई चालवत आली. बाळाचे ठोके नीट आहेत.

हम्माद आला तो ओरडतच, “बंद शेडमध्ये शेगडी? अक्कल आहे का? कुणी ठेवली?”

इफरा म्हणाली, “मी ठेवली. अम्मी बघायला गेल्या फक्त.”

त्याने तिला काय काय ऐकवलं. मी डोळे मिटून पडले होते. जागी होते.

चार दिवस झाले. अजून बोलत नाही तो तिच्याशी. बाहेर बाकावर बसलाय.

हम्मादला हाक मारते.