विल्नेरला विमानात घेतलं नाही

२ फेब्रु., सोम.
बायपासनंतर हे आज पहिल्यांदा जिना चढले. मागे विल्नेर, हात धरून. जावई हैतीचा, पण अमेरिकेत दवाखान्यात काम करतो. सासऱ्याच्या ऑपरेशनसाठी पोरीसोबत धावत आला. मी रेल्वे दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होते, पण त्याचा हात माझ्यापेक्षा हलका. गुरुवारी प्रणाली, तो अन् नात यशु, तिघंही परत.

५ फेब्रु., गुरु.
घेतलं नाही. प्रणाली-यशुला पास दिले, त्याला काउंटरवरच थांबवलं. तिकडचं सरकार हैतीवाल्यांना तिथं राहू देण्याचं संरक्षण काढून घेऊन राहिलं म्हणे. परत येण्याच्या परवानगीचं पत्र आता चालेल की नाही, सांगता येत नाही. पत्र त्याच सरकारचं!
प्रणाली म्हणे, मी पण थांबते. तो म्हणे, नाही, नोकरी गेली तर तुझाही व्हिसा जाईल. यशु "पापा, चलो ना" करत राहिली.
मी अन् तो टॅक्सीत परत.

७ फेब्रु., शनि.
प्रणालीचा फोन. विल्नेरच्याच दवाखान्यातला एक जण, युरोपातल्या लढाईतून आलेला. कागद विल्नेरसारखाच. मागच्या महिन्यात आईला भेटून सुखरूप परत आला. "आई, मग यालेच काहून?"
ह्यांना विचारलं तर म्हणाले, "काहून ते आपल्याले नाही समजत का?" अन् भिंतीकडे तोंड करून पडले.
विल्नेरच्या गावात बंदूकवाल्यांचं राज्य, विमानतळ बंद. इथला व्हिसा २० ला संपतो. म्हणजे त्यानंतर तो कुठला...

१० फेब्रु., मंगळ.
दुपारी पोलीस शिपाई. "आपके यहाँ कोई अफ्रीकन रहता है क्या?" पाऱ्यातल्याच, शेजारपाजारच्याच कोणी सांगितलं असणार. तोंडातून निघालं, "था, चला गया."
तो वर गच्चीवर कपडे वाळत घालून राहिला होता.
शिपाई गेल्यावर समजलं मी काय केलं ते. तो आला तेव्हा पोलिसांकडे द्यायचा विदेशी पाहुण्याचा फॉर्म मीच भरला होता, माझ्या सहीनं.

११ फेब्रु., बुध.
त्याला सांगून टाकलं. रागावला नाही. वडिलांचं सांगितलं. ते होडीतून निघाले होते, समुद्रात अमेरिकेच्या जहाजानं उचललं. त्याच दिवशी दुसऱ्या होडीतले क्युबाचे लोकही उचलले. त्यांना किनाऱ्यावर उतरवून घेतलं, हैतीवाल्यांना परत नेऊन सोडलं. वडील पुन्हा निघाले. कुठंच पोचले नाहीत. तेव्हा हा सात वर्षांचा.
मग प्रणालीनं शिकवलेल्या मराठीत, "आई, मले लपवू नका."
हो म्हटलं. उद्या विदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात जाऊ. उद्याच अटक केली तर?

१२ फेब्रु., गुरु.
नवा रायपुर. बस नाही, ऑटोनं गेलो. साहेब माझ्या प्रणालीच्या वयाचा. मी उभ्यानंच सांगितलं, खोटं मी बोलले, याचा काही दोष नाही. तो फाइल चाळत राहिला.
"माताजी, पासपोर्ट अमेरिका का है?"
"हैती का."
"अमेरिका का होता तो मैं सोचता भी नहीं."
मुदत वाढवायचा अर्ज घेतला. पासपोर्ट ठेवून घेतला. पावती मागितली तर "फोन आएगा."
परतताना विल्नेर खिशाला हात लावून लावून पाहत होता.

१४ फेब्रु., शनि.
व्हिडिओवर यशु. पहिला दात पडला, तो दाखवत होती. हा खूप हसला. मग बाथरूममध्ये गेला. नळ किती वेळ चालू...

१६ फेब्रु., सोम.
अकराला त्या ऑफिसचा फोन. "कल दस बजे लेके आना."
"व्हिसा बढ़ गया क्या, भैया?"
"वो साहब बताएँगे. दो जोड़ी कपड़े रख लेना."
कपडे काहून, ठेवून घेता का त्याला, विचारलं. फोन बंद. पुन्हा लावला, उचलत नाही.
ओळखीच्या वकिलांना सांगितलं, ते परस्पर तिथं येतो म्हणाले. हे म्हणतात, मी पण येतो. टाके अजून ओढतात, पण ऐकत नाहीत. प्रणालीला अजून सांगितलं नाही.
विल्नेरनं पलंगावर शर्ट मांडले. इस्त्री गरम करून मला विचारलं, "आई, कोणता?"
निळा म्हटलं. त्यानं केला, घडी घातली. मग पुन्हा माझ्याकडे पाहत उभा. दुसरा कोणता, ते न सांगता मी इस्त्रीचं बटण बंद केलं.