आठशे ऐंशी वावा

प्रिय बाबा,

काल बांद्याहून तुमचे जुने ओळखीचे भेटायला आले. तुम्ही गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. बंदरावर त्यांनी आपलं घर विचारलं, तर कोणीतरी सांगितलं, "आखूड वावेवाल्याचा घर? थंय, माडांच्या मागे." हे कसलं नाव, असं ते मला विचारत होते. मी म्हटलं, गावची थट्टा, दुसरं काय! आणि चहाच्या निमित्ताने आत गेलो. तुमचं तेरावं होऊन महिना झाला, तरी माझी खोटं बोलायची खोड जात नाही. म्हणून लिहायला बसलोय.

त्या हिवाळ्याला आता सहा वर्षं झाली. गोव्यात अजून पोर्तुगीज होते. मुंबईच्या चुलतभावाचं पत्र आलं होतं की सव्वीस मैलांची शर्यत आहे, पहिल्या दहात आलास तर माझ्या कंपनीत चिकटवतो. मी हुरळून गेलो. कसालच्या रस्त्यावर मैलाचे दगड होते, पण खडीवर अनवाणी पळणार कोण? बूट होते कुठे? आपली किनाऱ्याची ओली, घट्ट वाळू बरी वाटली.

पण मैल मोजायचा कसा? तुम्ही होतात ना! दोन्ही हात पसरून छातीवरून दोर घेतला की एक वाव. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या रापणीच्या जाळ्याचे सगळे दोर तुम्हीच असे मापायचात. तुम्ही मापलेला दोर कोणी पुन्हा मोजत नसे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, वाव म्हणजे सहा फूट, पुस्तकात आहे. मैलाला आठशे ऐंशी वावा टाका.

तुम्ही दोर हातात घेतलात आणि म्हणालात, "ही माझी वाव हां, वसंता. बुकातली नाय. एकदा पट्टीन बघ."

मी काय म्हटलं आठवतं? "वाव ती वाव, बाबा. टाका!"

तुम्ही टाकल्यात. दोन्ही टोकांना खुंट ठोकलेत. मग पौषातल्या त्या पहाटा! धुक्यात पलीकडचा खुंट दिसायचा नाही, ओल्या वाळूने पावलं बधिर व्हायची. ओहोटी कधी लागेल हे तिथीवरून काढून तुम्हीच मला उठवायचात. घोंगडी पांघरून खुंटापाशी उभे, खोकत. "नऊ फेरे झाले रे! चार रवले!" आणि शेवटी, "पेज निवता हा, बेगीन ये!" तुम्ही कशाला आलात हो त्या गारठ्यात? घरी निजून राहिला असतात तर मी पळलो नसतो का? नसतोच पळलो. ते तुम्हाला ठाऊक होतं.

जाऊन-येऊन दोन मैलांचा एक, असे तेरा फेरे, सव्वीस मैल. जायच्या आधी तीनदा पुरे केले. आता दहात नक्की, असं मी गावभर सांगत सुटलो.

मुंबईत तेविसाव्या मैलाला पाय गेले. रस्त्याच्या कडेला बसलो तो उठलोच नाही. चुलतभावाने कंपनीचं नाव पुन्हा काढलं नाही.

घरी आल्यावर शिंप्याकडची पट्टी आणली आणि तुमचे हात मापले. पाच फूट दोन इंच. तुम्ही मुळात बुटके, हात तरी किती लांब असणार! हिशेब केला. सव्वीस मैल म्हणून मी पळत होतो ते साडेबावीससुद्धा नव्हते.

संध्याकाळी रापणीवर सगळे विचारायला लागले, काय रे, खंय गेलो तुझो नंबर? मला लाज वाटत होती. बोलून गेलो, "बाबांची वाव आखूड! माका काय म्हायत?"

केवढे हसले! तुम्ही जाळं शिवत होतात. मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत. तेव्हा एक शब्द बोलला असतात तर! "मी तुका सांगितलेलंय," एवढंच. तुम्ही परत गाठ मारायला लागलात.

त्या रात्री आई म्हणाली, "तुझो बापूस जेवलो नाय रे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दोर मापायला उठला नाहीत. कोणी बोलावलंही नाही. चाळीस वर्षांचं काम माझ्या एका वाक्याने गेलं, आणि तुम्ही मला कधी रागावलाही नाहीत. रागवायचं होतंत, बाबा. मला सोपं गेलं असतं.

उद्या सकाळी रापण आहे. मासळी बाहेर आली की वाटे पडायच्या आधी सगळे एका जागी उभे असतात. तिथे मी सांगणार आहे, की बाबांनी मला आधी बजावलं होतं, मीच ऐकलं नाही, आणि वर तुमच्यासमोर खोटं बोललो. हसले तर मला हसतील. तुम्ही ऐकायला नाही, हे कळतं मला. सहा वर्षं रोज समोरासमोर जेवायला बसलो, तेव्हा तोंड उघडलं नाही. उद्या उघडीन.

तुमचा,
वसंता