शुक्रवारची कोथिंबीर

बाबा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि मी गेल्या महिन्यात पहिल्यांदाच दादाकडे अमेरिकेत गेले. जेवताना सहज म्हटलं, बाबांनी तुझं नाव शेवटपर्यंत काढलं नाही. त्याने घास ताटात ठेवला. "अगं, दर शुक्रवारी फोन करायचे मला."

आखातात, अल खोरच्या तुमच्या कंपनीच्या घरी मी दर शुक्रवारी दोह्याहून जेवायला यायचे. भारतातून काही आलं असेल तर तुम्ही आधी पिशवी तपासायचात. मावशीने पाठवलेल्या अनारशांवरची खसखससुद्धा तुम्ही नळाखाली धुतलीत, कारण खसखशीपायी इथे माणूस तुरुंगात जातो. अनारशांचा लगदा झाला. "आता चमच्याने वाढते," आई म्हणाली. मग दादाने कळवलं, की आजाऱ्यांना वेदनांवर औषध म्हणून गांजा कायद्याने मिळावा का, यावर त्याच्या राज्यात लोक मत देणार आहेत, आणि तो दुकानाबाहेर उभा राहून त्यासाठी सह्या गोळा करतोय. तुम्ही भडकलात, "इंजिनिअर केला, आणि हा गांजासाठी सह्या मागतोय! उद्या मला विमानात बसवून परत पाठवतील. त्याचा फोन कुणी घ्यायचा नाही." मी घेतला नाही. आईच्या हाडांत कॅन्सर उतरला तेव्हाही नाही. सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली मी, सांगितलेलं ऐकणं मला उत्तम जमायचं, आणि तुम्हाला त्याचं कौतुक होतं.

आणि तुम्ही बाजारातल्या फोनच्या बूथवरून त्याला विचारत होतात, "या वेळी पास होईल का रे?" तो सांगायचा, शहरातली मतं मिळतील, गावांकडचं कठीण आहे. शेजारच्या राज्यात झालं तर आपल्याकडे का नाही, म्हणून तुम्ही वाद घालायचात. 'आपल्याकडे' म्हणायचात! केंद्राचा कायदा आड येईल का, डॉक्टर लिहून देईल का, व्हिसा मिळेल का. आईला तिकडे न्यायचं होतं तुम्हाला. त्या वेळी ते मतदानात थोडक्यात पडलं. पुढच्या मतदानात पास झालं, तोवर आई राहिली नव्हती.

त्यातला एक शुक्रवार आठवतो: मी ओट्याशी वरण ढवळते आहे. बाजारात गेलेले तुम्ही तासाभराने कोथिंबिरीची जुडी घेऊन आत येता. आई पलंगावरून म्हणते, "कोथिंबीर पेरायला गेला होतात का?" तुम्ही हसता आणि माझ्या डोक्यावर हात ठेवता. दादाचं नाव काढत नाही, म्हणून मीही काढत नाही.

तुमची भीती मला कळते. पण मला सांगितलं असतंत, तर मी काय पोलिसांत गेले असते? आई गेली त्या दिवशी दादाचा फोन आला, आणि मी तुमच्यासमोर रिसीव्हर ठेवून दिला. तुम्ही बघत होतात, बाबा. बघत होतात आणि गप्प राहिलात.

हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे. फक्त एक सांगते. सगळं ऐकून झाल्यावर मी दादाला एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे?"

"तुझ्याबद्दल काय बोलणार? तू तर तिथेच होतीस."

आईचं एवढं ऐकूनही मला रडू आलं ते यावर.