किंचित बारीक पिन

रविवार, संध्याकाळ

बाबांच्या जुन्या मोटारीच्या ब्रेक कॅलिपरची पिन मी फोटो पाहून मागवली. जुन्या पिनेशेजारी धरली तेव्हाच किंचित बारीक वाटली होती. तरी "सेम आहे, बसवा," मीच बाबांना म्हणाले. काहून? बाबा शेजाऱ्यांना सांगत होते म्हणून? "माही पोरगी ग्रॅज्युएट हाय, बराबर पार्ट मागवते."

उद्या भाड्यानं ठरलेल्या याच गाडीतून एका नवरीची पाठवणी होती. आज ब्रेक एकीकडे ओढायला लागला, तेव्हा बाबांना खरं सांगितलं. त्यांनी नवरीच्या वडिलांना फोन लावून उद्या गाडी देता येणार नाही म्हणून सांगितलं.

"ऐन टायमाले सांगून राह्यले का?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"चूक माही हाय, भाऊ. पार्ट मीच आनला," बाबा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. पिन बारीक आहे, हे मला दिसलं होतं.